कुत्र्याचे पाय गेले, तर घरच्यांना सर्वांत आधी हे शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊच्या सुमारास कोरेगावहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. "तुमच्याकडे चाकांच्या गाडीवर चालणारा कुत्रा आहे असे कळले," एवढे बोलून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले, की त्यांच्या कुत्र्याला पाच दिवसांपूर्वी ट्रॅक्टरची धडक बसली, मागचे दोन्ही पाय लुळे पडले आणि "इंजेक्शन देऊन मोकळे करा" असा सल्ला त्यांना मिळाला आहे. मी पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या लघवीबद्दल. "होते की, सारखी थेंब थेंब गळतेच आहे," ते म्हणाले. ते ऐकल्यावर मी त्यांना रात्रीच पुन्हा डॉक्टरांना गाठायला सांगितले, कारण ते गळणे म्हणजे लघवी होणे नव्हे. मूत्राशय काठोकाठ भरल्यावर जेवढे आत मावत नाही तेवढेच बाहेर सांडत असते, आत मात्र लघवी तुंबलेली राहते, नासते आणि तिचा दाब उलटा मूत्रपिंडांवर येतो. पाच दिवसांत ही गोष्ट त्यांना कोणीही सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी ती आम्हालाही कोणी सांगितली नव्हती, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

आमचा खंडू गावठी कुत्रा आहे. २०१८ च्या चंपाषष्ठीला, घरात तळी भरून झाल्यावर, दीड-दोन महिन्यांचे हे पिल्लू दारात येऊन बसले. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, त्यामुळे नाव शोधावे लागले नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी महामार्गाच्या सेवा रस्त्यावर एका गाडीने त्याला उडवले आणि छाती व कंबर यांच्या सांध्याजवळ त्याचा मणका मोडला. आम्ही त्याला ज्या खासगी दवाखान्यात नेले तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मागच्या पायाचे बोट चिमट्यात धरून जोरात दाबले आणि मान हलवली. पाय मागे ओढला गेला, तेव्हा माझ्या पत्नीला वाटले की जाणीव आहे. पण डॉक्टरांनी समजावले, की पाय आखडणे ही मज्जारज्जूची आपोआप होणारी क्रिया असते; वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असती तर कुत्र्याने वळून पाहिले असते, ओरडला असता. खंडू समोरच्या भिंतीकडे शांतपणे पाहत होता. तो पुन्हा चालणार नाही हे त्यांचे निदान बरोबर ठरले आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझी तक्रार त्यापुढच्या वाक्याबद्दल आहे. "आता याला ठेवून काय करणार?" असे त्यांनी विचारले आणि आम्ही "घरी नेतो" म्हटल्यावर दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. मूत्राशय हाताने रिकामे करावे लागते, याबद्दल एक शब्दही ते बोलले नाहीत.

नवव्या दिवशी खंडूच्या लघवीतून रक्त येऊ लागले, अंग तापले आणि त्याने भाकरीला तोंड लावणे सोडले. पुण्यातल्या एका पशुवैद्य बाईंनी त्याला वाचवले. त्यांनी लघवीची तपासणी करून प्रतिजैविके सुरू केली हे खरेच. पण मला त्याहून मोठे वाटते ते हे, की त्यांनी माझ्या पत्नीचे दोन्ही हात स्वतःच्या हातांनी खंडूच्या पोटावर ठेवले आणि तिला मूत्राशय चाचपायला शिकवले. मागच्या पायांच्या किंचित पुढे, पोटात खोलवर, भरलेले मूत्राशय मोसंबीएवढे गोल आणि घट्ट लागते. दोन्ही तळहात दोन बाजूंनी सपाट ठेवायचे, बोटे रुतवायची नाहीत, आणि हळूहळू वाढणारा, एकसारखा दाब शेपटीच्या दिशेने द्यायचा. धार सुरू झाली की दाब सोडायचा नाही, धार थांबली की पुन्हा चाचपायचे. जोर करून धार लागत नसेल तर हट्टाने दाबायचे नाही, कारण ताणलेले मूत्राशय फुटू शकते. अशा वेळी डॉक्टरांकडेच जायचे. हे काम दिवसातून तीन ते चार वेळा, रोज, न चुकता. लघवी गढूळ झाली, वास बदलला किंवा तिच्यात रक्त दिसले तर त्याच दिवशी तपासणी. शिकवायला त्यांना वीस मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांनंतर खंडू चार वर्षे जगला आहे, आणि चांगला जगला आहे.

केवळ हे पत्र वाचून कोणी आपल्या कुत्र्याचे पोट दाबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे हाताला हात लावूनच शिकायचे असते. मी लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की अशी विद्या आहे आणि ती मागितली पाहिजे, हे तरी वाचकांना माहीत व्हावे.

बाकीची सेवा घरगुती शहाणपणाने जमत जाते. मागच्या भागाला जाणीव नसल्यामुळे कुत्रा एकाच कुशीवर तासन् तास पडून राहतो आणि कमरेच्या हाडावर बघता बघता जखम होते. आमच्याकडेही पहिल्या महिन्यात ती झाली आणि भरायला सहा आठवडे लागले. तेव्हापासून पत्नीने आपल्या जुन्या नऊवारी लुगड्यांच्या चार गोधड्या त्याच्यासाठी शिवल्या. एक अंथरलेली, एक वाळत, एक धुण्यात आणि एक राखून ठेवलेली. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, ओले झालेले अंग लगेच धुऊन कोरडे करायचे, कारण लघवीने कातडी भाजल्यासारखी लाल होते. सर्वांत जपायचे ते पावसाळ्यात. एखादी माशी ओल्या जखमेवर बसली तर दोन दिवसांत तिच्यात अळ्या पडतात, आणि ज्याला तिथे काही जाणवतच नाही तो कुत्रा तक्रारही करत नाही. आमच्या घरी जूनपासून दसऱ्यापर्यंत खंडू मच्छरदाणीत झोपतो. पायाची बोटे तो कधी कधी स्वतःच चावू लागतो, तेव्हा लहान मुलांचे मोजे घालावे लागतात. मागची नखे झिजत नाहीत, ती कापावी लागतात. अंगाचा सगळा भार पुढच्या दोन पायांवर असल्यामुळे त्याचे वजन वाढू देता येत नाही, आणि लाडाने पोळीचा तुकडा टाकणाऱ्या शेजाऱ्यांना हे समजावण्यात आमचे एक वर्ष गेले.

गाडीबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ती मी स्वतः केली आहे. एस. टी. च्या कार्यशाळेत ३१ वर्षे मी चाके, आस आणि स्प्रिंगा यांच्यात काढली, तरी खंडूची पहिली गाडी साफ फसली. पाणी नेण्याच्या पीव्हीसी पाइपांचा सांगाडा आणि मुलांच्या तीनचाकी सायकलची दोन चाके, एवढेच साहित्य होते. ती मी मजबूत केली आणि म्हणूनच ती जड झाली. शिवाय चाकांची आस मी फार मागे घेतल्यामुळे सांगाड्याचे ओझे खंडूच्या खांद्यांवर येऊ लागले. तो चार पावले टाकून खाली बसू पाहायचा, बसता येत नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघायचा. दुसरी गाडी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची केली आणि आस बरोबर कमरेच्या हाडाखाली आणली, तेव्हा तोल सापडला. सांगाडा एका बोटावर उचलला गेला पाहिजे, ही माझी परीक्षा. मापे तीनच महत्त्वाची आहेत. जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची, कमरेची रुंदी, आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूपासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. जांघेचा पट्टा मऊ हवा आणि तो लघवीच्या जागेवर दाबता कामा नये. सुरुवातीला गाडीत दहा मिनिटे पुरे, पुढे अर्धा तास. तीत कुत्र्याला आडवे होता येत नाही, म्हणून ती घालून त्याला एकटे सोडून जाऊ नये. मला सगळा खर्च २,४०० रुपये आला. ज्यांना परवडते त्यांनी तयार गाडी विकत घ्यावी, पण पैसे नाहीत म्हणून कुत्र्याने फरशीवर घासत राहावे, असे मुळीच नाही.

दुसऱ्या गाडीत बसवल्यावर खंडूने जे केले ते मी अजून विसरलेलो नाही. त्याने दोन पावले टाकली, चाके मागून येत आहेत हे त्याला कळले, आणि तो धावत सुटला. गल्लीच्या टोकापर्यंत गेला, वळला, आणि वळताना डाव्या चाकावर कलंडून पडला. मी उचलून उभे करताच पुन्हा धावला. त्याची शेपूट हलत नाही. त्याचा आनंद कानांत आणि खांद्यांत असतो, आणि घरच्या माणसाला तो तिथे दिसायला लागतो. आपण गाडीमुळे रुंद झालो आहोत हे मात्र त्याच्या लक्षात यायला काही महिने लागले. फाटकाच्या फटीतून मांजरामागे जाताना तो अडकायचा आणि कोणी सोडवीपर्यंत भुंकत राहायचा. आता तो फाटकाशी थांबतो आणि माझ्याकडे पाहून एकदाच भुंकतो.

२०२३ च्या जुलैतली एक संध्याकाळ सांगतो. साताऱ्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना ती डोळ्यांसमोर येईल. सकाळपासून धार लागलेली, सहाच्या सुमारास जरा उघडीप मिळाली म्हणून मी त्याला गाडी घालून अंगणात सोडले आणि छत्री आणायला आत गेलो. बाहेर आलो तर फाटक उघडे आणि खंडू नाही. आम्ही दोघे आणि शेजारची मुले हाका मारत फिरलो. अखेर त्या मुलांपैकी एकीनेच चिखलात बोट दाखवले. समांतर जाणाऱ्या दोन बारीक चाकोऱ्या आणि त्यांच्या मधोमध पुढच्या दोन पायांचे ठसे. त्या खुणा धरून आम्ही गल्ली ओलांडली, ओढ्यावरच्या साकवापर्यंत गेलो, तिथून चढ चढून दूध संकलनाच्या केंद्राशी पोहोचलो. खंडू तिथे कॅनांच्या रांगेजवळ उभा होता, चाकांना गवत गुंडाळलेले, पोट चिखलाने माखलेले. अपघातापूर्वी रोज संध्याकाळी तो माझ्याबरोबर याच केंद्रावर यायचा. पावणेदोन वर्षांत आम्ही त्याला एकदाही तिकडे नेले नव्हते, कारण तो चढ त्याला झेपणार नाही असे आम्हीच ठरवून टाकले होते. दुसऱ्या दिवसापासून आमचा फेरफटका पुन्हा त्याच वाटेने सुरू झाला.

थंडीत, पाणी निवळले की, आम्ही त्याला संगम माहुलीला नेतो. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथे घाटाच्या कडेला संथ पाणी असते. पोटाखालून पंचा धरून मी त्याला पाण्यात आधार देतो, तेव्हा अंगाचा भार पाणी घेते आणि मागचे पाय सायकल चालवल्यासारखे हलतात. ही जाणीव परत आल्याची खूण नाही, ती आपोआप होणारी हालचाल आहे, हे मला ठाऊक आहे आणि पाहणाऱ्यांनाही मी तसेच सांगतो. पण त्यामुळे सांधे आखडत नाहीत आणि खंडू खूश असतो. अंगावर कुठेही उघडी जखम असेल तर मात्र त्याला पाण्यात उतरवत नाही.

"तुम्ही त्याचे हाल करताय, त्याला सोडवा," असे आम्हाला अनेकांनी ऐकवले आहे, आणि त्यांतले बहुतेक लोक मनाने चांगले आहेत. त्यांना माझे उत्तर असे आहे. ज्या कुत्र्याच्या वेदना औषधानेही थांबत नाहीत, जो खात नाही, ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्याला डॉक्टरांनी शांतपणे निरोप देणे ही दयाच आहे, आणि तशी वेळ खंडूवर आली तर मी ती टाळणार नाही. पण पाय जाणे म्हणजे वेदना नव्हे. मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल तर त्या जागेच्या मागच्या अंगाला दुखतच नाही. हाल होतात ते त्यानंतरच्या हेळसांडीने, तुंबलेल्या लघवीने आणि अंथरुणातल्या जखमांनी. हा फरक न सांगता दिलेला सल्ला, तो कितीही कळवळ्याने दिला तरी, अपुरा असतो. त्यात प्रत्येक लकवा कायमचाही नसतो. डॅक्सहुंड जातीची लांब पाठीची, आखूड पायांची कुत्री आता शहरांतल्या सदनिकांमध्ये बरीच दिसतात. त्यांच्या मणक्यांमधली चकती सरकून पाय जातात, तेव्हा खोल वेदनेची जाणीव (बोट जोरात दाबल्यावर कुत्रा वळून पाहतो किंवा ओरडतो, ती) शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. ती जाणीव गेल्यावरही तातडीने शस्त्रक्रिया केली तर जवळपास निम्मी उठतात. अशा वेळी "चार दिवस वाट पाहू" म्हणणे फार महाग पडते.

जे लोक अशा कुत्र्याला पोत्यात घालून देवळाच्या पायरीशी किंवा घाटात सोडून येतात, त्यांच्याबद्दल मला राग आहेच. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात, उपाशी-तहानलेले राहण्याची वेळ येईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड सांगितला आहे तो १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाने कोणी थांबणार नाही. माझा अनुभव असा, की सोडून जाणाऱ्यांपैकी अनेकजण निर्दय नसतात, घाबरलेले असतात. घरात सतत दुर्गंधी, ओली फरशी, रात्री विव्हळणारे जनावर आणि आपण काय करायचे हे सांगणारे कोणी नाही, अशा अवस्थेत दहाव्या-बाराव्या दिवशी माणूस खचतो. वेळेवर मूत्राशय रिकामे केले की गळणे कितीतरी कमी होते, वास कमी होतो, विव्हळणे थांबते. म्हणून मला दंडापेक्षा ती वीस मिनिटे महत्त्वाची वाटतात.

साताऱ्यासारख्या जिल्ह्यात हे अशक्य नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ पासून तिथे पशुवैद्य घडत आहेत. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालय सुरू झाले. पण कोरेगावच्या त्या गृहस्थांना रात्री साडेनऊला मुंबई जवळची नाही. आमच्याकडची सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणा गाई-म्हशींसाठी राबते आणि तिने तसेच राबावे, कारण त्यांच्यावर घरे चालतात. तरीही जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आठवड्यातून एक दुपार अपंग प्राण्यांच्या पालकांना शिकवण्यासाठी राखून ठेवता येईल, महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना तिथे पाठवता येईल. खासगी दवाखान्यांना तर त्याहूनही कमी करायचे आहे. एक्स-रेबरोबर मराठीत छापलेला एक कागद द्यावा आणि घरातल्या एका माणसाचे हात धरून मूत्राशय कसे लागते ते दाखवून द्यावे. हे काम आमच्या बाबतीत झाले असते तर खंडूचे ते पहिले नऊ दिवस टळले असते.

प्रवासाचाही एक प्रश्न आहे. रेल्वेत कुत्रा सोबत ठेवायचा तर पहिल्या वर्गाचा कूपे किंवा केबिन संपूर्ण आरक्षित करावी लागते, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावे लागते. ज्याचे मूत्राशय दर सहा-आठ तासांनी हाताने रिकामे करावे लागते, त्याला रात्रभर त्या पेटीत ठेवणे शक्य नाही. त्यामुळे नागपूरला लेकीकडे आम्ही दोघे एकत्र चार वर्षांत गेलेलो नाही. एकजण जातो, दुसरा घरी राहतो. वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या अपंग प्राण्यांसाठी या नियमात सवलत मिळावी, असे मला वाटते. उद्वाहनाचेही (लिफ्टचेही) तसेच. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे, की गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांना उद्वाहन नाकारता येत नाही. ज्यांच्या संस्थेत अशी अडवणूक होते त्यांनी ते परिपत्रक दाखवावे आणि चाके पुसून आत न्यावीत, म्हणजे शेजाऱ्यांचीही तक्रार राहत नाही.

कोरेगावच्या कुत्र्याला त्या रात्री डॉक्टर मिळाले. नळी घालून लघवी काढावी लागली, सकाळी त्याने दूध-भाकरी खाल्ली, असे त्या गृहस्थांनी कळवले आहे. त्यांची धाकटी मुलगी मूत्राशय चाचपायला शिकली आहे आणि वडिलांपेक्षा तिचा हात चांगला बसतो, असेही ते म्हणाले. जखमा भरल्या की ते त्याला घेऊन आमच्याकडे येणार आहेत. त्याच्या कमरेचे माप त्यांनी सुतळीने घेऊन पाठवले आहे, पण माझा सुतळीवर भरवसा नाही, म्हणून गाडीच्या नळ्या कापण्याआधी मी स्वतः टेप लावून पाहीन. आपल्या वाचकांपैकी कोणाला गाडीचा आराखडा हवा असेल तर मी तो काढून आपल्या कार्यालयात आणून देईन. त्याच्या प्रती मागेल त्याला द्याव्यात, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त एस. टी. कर्मचारी, सातारा